भरतीचा माणूस

४ फेब्रुवारी, मंगळवार

आलो एकदाचे नव्या घरात. सामानवाले गेले, दार लागलं, आणि आम्ही तिघांनी खोक्यांच्या मधोमध जमिनीवर बसून पाव आणि केळी खाल्ली, कारण ताटांचं खोकं कोणतं ते कुणालाच सांगता येईना. बायको म्हणाली, खोक्यांवर नावं लिहायचं काम तुझ्याकडे होतं. मी म्हटलं, लिहिलीत की. प्रत्येक खोक्यावर मी 'सामान' असं लिहिलं होतं. त्यावर ती इतकी हसली की मला माझ्या आळसाचा अभिमान वाटला.

घर छान आहे. तिसरा मजला, दोन खोल्या, समोर मोठी खिडकी, तिच्याशेजारी माझ्या कामाच्या टेबलाची जागा. दाराला किल्ली नाही, बोट टेकवायचं कुलूप आहे. तिघांची बोटं आजच नोंदवली. सगळं सामान जिथे बसेल म्हणून मी सांगितलं होतं तिथेच बसलं, कपाटसुद्धा. नाही तर या कपाटावरून घर बघायला येण्याआधीच आमचं भांडण झालं होतं.

भांडण मिटवायला मी हे घर आधी संगणकात बांधलं होतं. माझा धंदाच तो. बिल्डर नकाशे देतो, मी त्यावरून अजून न झालेली घरं उभी करून त्यांची चित्रं काढतो. घर रिकामं दिसलं तर ते विकलं जात नाही, म्हणून आत माणसं बसवायची. ती तयार मिळतात, आम्ही त्यांना भरतीची माणसं म्हणतो. बहुतेक पाठमोरीच असतात, कारण चेहरा दिसला की गिऱ्हाईक भिंती सोडून माणसाकडे बघत बसतं. पाठमोऱ्याला पुढची बाजू केलेलीच नसते. फिरवून बघितलं तर आत पोकळ.

आमच्या घराच्या चित्रात मात्र मी खरी माणसं घातली. बायकोचे आणि लेकीचे फोनवर सगळ्या बाजूंनी फोटो घेतले आणि त्यावरून हुबेहूब दोघी उभ्या केल्या. बायको ओट्याशी, लेक खिडकीशी. माझे फोटो काढायला कुणाला वेळ नव्हता. मग टेबलाच्या खुर्चीवर भरतीचा एक बसवला, निळ्या शर्टातला, पाठमोरा. म्हटलं, नंतर बदलू. आमच्या धंद्यात याच्याइतकी खोटी गोष्ट दुसरी नाही. बायको म्हणाली, हा तुझ्यापेक्षा ताठ बसतो, हाच राहू दे. लेक म्हणाली, हे बाबा नाहीत.

लेकीला मी मगर म्हणतो. दात आले तेव्हा माणसं, भिंती, चपला काही सोडलं नव्हतं तिने. बायकोला हे नाव मुळीच आवडत नाही, ती आणि सगळं जग तिला तिच्या नावाने हाक मारतं. मगर म्हणणारा मी एकटा. मी नावाने हाक मारली की तिला कळतं, बाबा रागावलाय. सध्या ती वाचायला शिकतेय. काना-मात्रा अजून येत नाहीत, त्यामुळे 'मगर' वाचता आलं तेव्हा तिला वाटलं, पुस्तकात आपणच छापून आलोय.

हे फोनवर लिहितोय. उद्या नवं यंत्र जोडलं की त्यात उतरवीन.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज यंत्र जोडलं. जुनं यंत्र आम्ही तिकडून निघण्याआधीच विकून टाकलं होतं, फक्त त्याची डिस्क ठेवली. बाकी सगळं नवं कोरं. मी स्क्रू फिरवत होतो आणि मगर एकेक स्क्रू माझ्या तळहातावर ठेवत होती. बटण दाबायचा मान तिचा, हे आमचं जुनंच ठरलेलं आहे.

मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडायची मुख्य पाटी, जिवंत आहे की नाही ते बघावं म्हणून ग्राफिक्स कार्ड न लावताच पहिल्यांदा चालू केलं. कार्ड म्हणजे चित्रांचं जड काम ओढणारा भाग. त्याच्याशिवायही बोर्डाला स्वतःचं थोडंसं दिसतं, टायपिंग करण्यापुरतं. माझ्या डोक्यात नव्हतं की माझा प्रोग्राम चालू होताच शेवटची फाइल आपोआप उघडतो. शेवटची फाइल या घराचीच होती. नवं यंत्र बिचारं पहिल्याच श्वासाला एवढं घर उचलायला निघालं. मी ते तसंच सोडून पडदे लावायला गेलो. परत आलो तर खरंच चित्र आलं होतं. खडबडीत, पण घर होतं, ओट्याशी ही, खिडकीशी मगर, खुर्चीवर निळा शर्ट. मगरने टाळ्या वाजवल्या.

मग बंद केलं, कार्ड लावलं, चालू केलं. कार्डाचे पंखे फिरले, दिवे लागले, आणि बोर्ड म्हणालं की कार्डच नाही.

काढलं, पुसलं, परत बसवलं, 'टक' असा आवाज ऐकला. नाही. स्क्रीनची केबल बोर्डाला लावली की दिसतं, कार्डाला लावली की अंधार. मला सवय आहे या कटकटींची, उद्या होईल.

आमच्या कामातला एक नियम आहे. दोष शोधताना एका वेळी एकच बदल करायचा आणि केलेला बदल लिहून ठेवायचा. म्हणून ही रोजनिशी आता याच यंत्रात लिहीन. टायपिंग करण्यापुरतं त्याला दिसतंच आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन दिवस गेले. कार्डाला वेगळी वीज-केबल दिली. बोर्डाची आज्ञावली नवी घातली. सगळ्या सेटिंग्ज एकेक करून पालथ्या घातल्या. बोर्डावर कार्डासाठी जागा एकच आहे, त्यामुळे जागा बदलून बघायची सोय नाही. बोर्डाच्या यादीत त्या जागेपुढे लिहून येतं, 'रिकामी'. आणि माझ्या डोळ्यांदेखत तिथे हे भलं मोठं कार्ड लटकतंय.

साहेबांचा फोन आला. वीस तारखेला बिल्डरला चित्रं दाखवायची आहेत, असं अगदी गोड आवाजात म्हणाले. त्यांचा आवाज गोड झाला की समजायचं, तारीख हलणार नाही. मी म्हटलं, होऊन जाईल.

बायकोच्या रुग्णालयात नर्सांची टंचाई आहे, तिला दोन-दोन पाळ्या पडतायत. म्हणजे शाळा, डबा, कपडे, सगळं माझ्याकडे. आज मगरला गोष्ट सांगता सांगता मीच झोपलो. तिने मला हलवून विचारलं की पुढे काय झालं, आणि मी तिच्यावर खेकसलो. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. अशा वेळी मला माझाच राग येतो, पण उठून जवळ घ्यायचीही ताकद नव्हती.

८ फेब्रुवारी, शनिवार

सगळं यंत्र उचलून दुकानात नेलं. दुकानदाराला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण काहीही नेलं तरी तो आधी ठेवून जा म्हणतो. आज मी तिथेच ठाण मांडलं.

माझं कार्ड त्याच्या यंत्रात घातलं, लगेच चाललं. त्याचं कार्ड माझ्या बोर्डात घातलं, तेही चाललं. माझं कार्ड माझ्या बोर्डात, नाही. डॉक्टर म्हणाला, सासूही चांगली आणि सूनही चांगली, फक्त एका घरात नको. मी हसलो नाही हे बघून त्याने खुर्ची पुढे ओढली. म्हणाला, कधी कधी पहिल्यांदा चालू करताना बोर्डाच्या मनात एखादी गोष्ट घट्ट बसते. त्या जागेवर त्याने जे धरलं तेच धरून ठेवतं, मग खरं आलं तरी ओळख देत नाही. यावर उपाय एकच, बोर्डावरचा नाण्याएवढा सेल काढून ठेवायचा. त्यावरच त्याची आठवण चालते. सगळं विसरू दे, मग नव्याने ओळख करून दे.

मला ते पटलं. सगळंच विसरायला मिळालं तर मलाही चालेल, असं मी म्हटलं तेव्हा मात्र तो हसला.

१० फेब्रुवारी, सोमवार

काल सेल काढून ठेवला होता. आज दुपारी बसवला आणि मगरकडून बटण दाबून घेतलं. बोर्ड सगळं विसरलं होतं, तारीखसुद्धा. मी आधी मुद्दाम कार्ड न लावता यादी उघडली. कार्ड माझ्या मांडीवर होतं.

यादीत त्या जागेपुढे लिहिलं होतं, 'भरलेली'.

मी टॉर्च लावून आत बघितलं. तिथे धूळही नव्हती. डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, असं होत नाही, तू थकलायस, नीट वाच. मी नीट वाचलं. कार्ड बसवलं तरी तेच, काढलं तरी तेच.

संध्याकाळी दूध आणायला गेलो. परत आलो तर ओट्यावर दूध तापत होतं. बायको म्हणाली, दोनदा कशाला आणलंस. मी म्हटलं, तू आणलं असशील. ती म्हणाली, मी आत्ता पाच मिनिटांपूर्वी आलेय आणि तू दूध माझ्या हातात दिलंस. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितला. नव्हता.

विसरलो असेन. माणूस थकला की असं होतं, याच्याशी माझं भांडण नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शाळा सुटायच्या वेळी खुर्चीवरच डोळा लागला. दचकून उठलो आणि चपला हातात घेऊन जिना उतरलो. शाळेच्या फाटकावर कुणी नव्हतं. बाई कुलूप लावत होत्या. म्हणाल्या, अहो, तुम्हीच तर नेलं तिला मघाशी. काही राहिलं का वर्गात?

घरी कसा आलो ते मला सांगता येणार नाही. मगर खिडकीशी बसून पोळी खात होती. पोळीवर तूप-साखर, गुंडाळी करून, अगदी तिला हवी तशी. मी विचारलं, कुणी आणलं तुला. ती म्हणाली, तू. मी विचारलं, मग मी कुठे गेलो होतो. तिला तो खेळ वाटला. म्हणाली, तू लपला होतास.

हे मी बायकोला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर भीती वाटण्याच्या आधी मला बरं वाटलं. पोर वेळेवर घरी आली, जेवली. कुणी का केलं असेना, झालं. तीन रात्री नीट न झोपलेल्या माणसाच्या मनात काय काय येतं ते मी इथे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर लाज वाटून घेता येईल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी यंत्र चालूच होतं. मी बंद केलं होतं.

घराची फाइल उघडी होती. चित्र खडबडीत नव्हतं. पडद्याची वीण दिसत होती, ओट्यावरच्या थेंबांत खिडकी दिसत होती. असं चित्र कार्डाशिवाय निघत नाही, आणि कार्ड खोक्यात घालून मी कपाटावर ठेवलंय.

मी चित्रात न घातलेल्या गोष्टी त्यात होत्या. कपाट आणताना भिंतीला पडलेला ओरखडा. मगरचा एक मोजा सोफ्याखाली, जो आम्ही कालपासून शोधत होतो. मी उठून सोफ्याखाली बघितलं. होता.

खुर्चीवर निळा शर्ट. पण तो आता पूर्ण पाठमोरा नाही. थोडा वळलाय. कान दिसतोय. त्याला कान केलेलाच नव्हता.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

एका वेळी एकच बदल. म्हणून आधी त्याला काढायचं ठरवलं. निवडला, काढा म्हटलं. उत्तर आलं की हा वापरात आहे, काढता येणार नाही. कोण वापरतंय ते लिहिलं नव्हतं.

मग स्वतःला घालायचं ठरवलं. फोन टेबलाला टेकवून, हळूहळू गोल फिरत सगळ्या बाजूंनी माझे फोटो घेतले, जे महिन्यापूर्वी घ्यायला हवे होते. दुपारभर बसून मला उभं केलं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, वाकलेले खांदे, सगळं उतरलं. खुर्चीवर ठेवलं. क्षणभर मी दिसलो, आणि गेलो. खाली ओळ आली, 'जागा भरलेली'.

मी वायर भिंतीतून ओढून काढली. यंत्र गप्प झालं. घरात एवढी शांतता किती दिवसांत नव्हती. त्या शांततेत स्वयंपाकघरातून मगरचं हसणं ऐकू आलं, आणि तिच्याशी बोलणारा माझा आवाज. मी धावत गेलो तर ती एकटीच होती. माझ्याकडे बघून म्हणाली, पुढे सांग ना.

१५ फेब्रुवारी, शनिवार

वायर परत लावलेली. यंत्र चालू. मगर म्हणते, बाबा, तूच तर मला बटण दाबू दिलंस.

मी तिला मांडीवर घेतलं आणि शांतपणे विचारलं, हल्ली बाबा कसा वागतो. ती म्हणाली, छान. गोष्ट पूर्ण सांगतो, मधेच झोपत नाही. खेकसत नाही. मग माझ्या शर्टाचं बटण पिळत तिने विचारलं, तू माझ्यावर रागावलास का. मी म्हटलं, नाही गं. ती म्हणाली, मग दिवसभर मला नावाने का हाक मारतोस, मगर का म्हणत नाहीस?

मी तिला म्हटलं, मगर. मगर, मगर, मगर. ती खुदकन हसली आणि माझ्या मनगटाला चावली. ती खूण अजून आहे. त्याला हे नाव माहीत नाही. बाकी सगळं आहे त्याच्याकडे, हे एवढं नाही.

बायकोशी बोललो. ती पाळीवरून आली होती, पाय सुजलेले. मी सगळं सांगितलं, दूध, शाळा, फाइल. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, आपल्याला दोघांनाही झोपेची गरज आहे. म्हणाली, एक सांगू का, गेले दोन-तीन दिवस तू इतका चांगला वागतोयस की मला वाटलं, आपले जुने दिवस परत आले. माझे पाय चेपून दिलेस, काही न बोलता. तो निळा शर्ट तुला शोभतो.

माझ्याकडे निळा शर्ट नाही. मी तिला तेही सांगणार होतो. पण तिचा चेहरा इतका निवांत होता. असा मी तो कधीपासून बघितला नव्हता, आणि तो माझ्यामुळे झालेला नव्हता.

१६ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टरच्या दुकानात गेलो, बंद होतं. परत आलो. कुलूप बोट घेईना. पुसून टेकवलं, दुसरं टेकवलं. लाल दिवा.

बेल वाजवली. बायकोने दार उघडलं. मी म्हटलं, कुलूप बिघडलंय. तिने माझ्या खांद्यावरून जिन्याकडे बघितलं. डावीकडे, उजवीकडे. मग आत वळून म्हणाली, कुणी नाही.

ती दार लावायच्या आत मी शिरलो. तिला धक्का लागला. ती फक्त पदर सावरल्यासारखं काहीतरी करून पुढे गेली — आणि तिने खिडकी लावून घेतली. वारा आला असं वाटलं असेल.

जेवायला तीन ताटं. मी माझ्या जागी बसायला गेलो तर —

जागा भरलेली होती.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पाठमोरा नाही तो आता. चेहरा माझा आहे. झोप झालेला. दाढी केलेली. मी स्वतःला इतका बरा दिसलेलो आठवत नाही.

तो माझ्याकडे बघत नाही. या टेबलाकडेही येत नाही. यंत्राला पाठ करून चालतो. इथूनच निघाला म्हणून असेल.

ओरडून बघितलं. मगरने कान टवकारले. आईला विचारलं, कसला आवाज येतोय. तिने सांगितलं, बाबांच्या यंत्राचा पंखा. मी पुन्हा ओरडलो नाही.

कप उचलायला गेलो, उचलेना. दाराचा कडी-कोयंडा, नाही. फक्त कीबोर्डच्या या कळा दाबल्या जातात. हे एकच मला ओळखतं. बोर्डाची यादी उघडली. ती जागा — 'भरलेली'. त्याखाली आता आणखी एक ओळ —

'अनोळखी उपकरण'.

बोट बटणाकडे नेलं होतं. बंद करून टाकावं, सगळंच विसरू द्यावं, असं — मग ती ओळ परत वाचली. अनोळखी उपकरण जोडलेलं आहे. यंत्राला जोडलेलं.

म्हणजे बंद केलं तर —

बोट मागे घेतलं. मनगटावरची चाव्याची खूण बघितली. पुसट झालीय.

१८ फेब्रुवारी

सकाळ. ऊन आलंय टेबलावर. त्याने चहा केला. ही म्हणाली, ते यंत्र दिवसरात्र घरघरतंय, एकदाचं बंद कर. तो म्हणाला, करूया. साहेबांना सांगून टाकू, नवीन घेऊ. मला हे सुचलंच नव्हतं कधी. किती सोपं —

त्याने लेकीला बोलावलं. बटणासाठी. नावाने हाक मारली.

आली. स्टुलावर चढली. अगदी स्क्रीनसमोर. केस ओले आहेत. कुणीतरी भांग नीट पाडलाय. माझा कधी सरळ यायचा नाही.

थांब म्हणायचंय. पण ते तिला वाचता येणार नाही. बाबा वाचता येणार नाही. काना येत नाही अजून. येतो तो एकच शब्द —

मगर

मगर

मगर

बघितलं. वाचतेय. बोट लावून. म. ग. र.

हसली. बोट काढलं बटणावरून. काढलं.

आईला सांगतेय, यात मी आलेय. ही म्हणते, बाबांनी लिहिलं असेल. ती म्हणते, नाही, हा बाबा मला मगर म्हणतच नाही. म्हणते, दुसरा —

ओळखलं तिने. माझी पोर. ओळखलं मला. मगर, मी इथेच —

तो येतोय. या टेबलाकडे येत नाही तो कधी. येतोय. तिच्यामागे उभा. वाचतोय.

त्याला माहीत नव्हतं. हे एवढंच नव्हतं त्याच्याकडे. मी — मीच ते लिहून दिलं —

पुसतो. पुसलं जात ना

म्हणाला. मोठ्याने, माझ्या आवाजात. मगर. माझी मगर ती. दाब बाळा.

वळून बघितलं तिने त्याच्याकडे. हसली. माझ्याकडे बघून हसायची तशीच. मनगट धरलं त्याचं, चावली —

बोट ठेवलंय. दाबून धरायचं असतं दिवा जाईपर्यंत, मीच शिकवलंय तिला. मगर नको. मगर मी बा